रिले उपटला तरी दिवे चालूच

जुन्या धाटणीची गाडी स्वतः उभी करणारे हौशी लोक पुण्यात बरेच आहेत, आणि त्यांच्या खिशावर डोळा ठेवून असणारेही कमी नाहीत. इंजिनात किंवा पत्र्यात कोणी गंडवलं तर ते आज ना उद्या दिसतं, ऐकू येतं. वायरिंगमधली लबाडी काळ्या टेपखाली निवांत पडून राहते आणि रात्रीच्या वेळी घाटात वर येते. आमच्या टेपखाली काय काय निघालं ते इथे सविस्तर सांगतो, कारण हाच प्रकार दुसऱ्या दोघा ओळखीच्यांच्या बाबतीतही झाल्याचं नंतर कळलं.

आधी गाडीबद्दल. चासी आणि इंजिन जुन्या जीपचं, त्यावर तीसच्या दशकातल्या उघड्या टूररसारखी बॉडी. वडिलांनी हडपसरला एका पत्रेवाल्याकडून ठोकून घेतलेली. पुढे उभ्या दांड्यांवर दोन मोठे गोल हेडलाइट. घरात आम्ही तिला व्हिंटेज म्हणतो ते हौसेनं. कायद्यानं ती व्हिंटेज नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज धरतात; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. तेव्हा अशा बांधून घेतलेल्या गाडीला व्हिंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर काढून देतो असं सांगून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर तिथूनच नमस्कार करा. पण तो वेगळा विषय.

डॅशबोर्ड नव्यानं केला तेव्हा हेडलाइटचा स्विच बदलायचं ठरलं. आम्हाला हवा होता ओढायचा स्विच, तीन टप्प्यांचा: आत ढकलला की बंद, अर्धा ओढला की पार्किंग, पूर्ण ओढला की हेडलाइट. जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे तसा सापडला. पितळी नॉब, त्यावर वापराची झिलई, मागच्या डबीवर ल्यूकसचं नाव ठोकलेलं. ल्यूकस म्हणजे गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी बर्मिंगहॅमची कंपनी; तिचे दिवे ऐनवेळी जातात म्हणून इंग्रजी गाड्यांच्या शौकिनांमध्ये तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायची जुनी थट्टा आहे. आमच्या नशिबी तो राजपुत्रही अस्सल नव्हता.

विक्रेता बोलायला गोड. “शेठ, हा सहा व्होल्टच्या जमान्यातला पीस आहे. तेव्हाचे कॉन्टॅक्ट जाड असायचे. तुमच्या बारा व्होल्टला तर हा झोपेत काम करेल.” यातली मेख अशी की बोलणं अर्धं खरं आहे. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून त्या काळचा खरा स्विच बारा व्होल्टला निवांत चालतो. ज्याला थोडंफार कळतं तो अशा खऱ्या वाक्यावरच फसतो. अडाण्याला गंडवायला एवढी तयारी लागत नाही. ३,५०० रुपये दिले. बिल मागितलं तर “जुन्या मालाला कुठलं आलंय बिल” असं उत्तर मिळालं, आणि पैसे त्यानं सांगितलेल्या तिसऱ्याच कोणाच्या तरी नंबरवर गेले.

वायरिंग दुसऱ्या माणसाकडे दिलं. जुन्या गाड्यांचं काम करतो अशी त्याची ख्याती. दोन रिले (दिव्यांचा जड करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणाऱ्या डब्या), नवा फ्यूज बॉक्स, पूर्ण तांब्याची वायर आणि मजुरी धरून ११,००० रुपये ठरले. वर त्यानं सुचवलं, “काका, घाटात जाता ना? मग साठ-पंचावन्न काय कामाचे, शंभर-नव्वद टाका.” यातला पहिला आकडा हाय बीमच्या वॅटचा, दुसरा डीपचा. असे जास्त वॅटचे बल्ब बाजारात सर्रास मिळतात, बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात ‘ऑफ-रोड’, म्हणजे रस्त्याबाहेर वापरासाठी, असं लिहिलेलंही असतं. रिले बसणार आहेत म्हटल्यावर आम्हीही हो म्हटलं. गाडी परत आली तेव्हा बॉनेटखाली दोन चकचकीत रिले शेजारी शेजारी, वायरींचे गठ्ठे टेपमध्ये एकसारखे गुंडाळलेले. दिसायला काम सुरेख.

सासवडहून परतताना दिवे घाट उतरत होतो. भाचा शेजारी बसला होता. आधी बेकेलाइट जळाल्याचा वास आला, तो ज्यानं एकदा घेतलाय त्याला विसरत नाही. मग उजेड पिवळा पडत गेला आणि एका वळणाआधी दोन्ही हेडलाइट एकदम गेले. समोरून ट्रक येत होते. भाच्यानं मोबाइलचा टॉर्च बाहेर धरला, मी गाडी कडेला घेतली आणि पाना काढून बॅटरीची वायर सोडवली. नॉबला हात लावला तर चटका बसला.

घरी आणल्यावर भाच्यानं आणि मी टेप सोलायला सुरुवात केली. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण इथे त्याच्या शिक्षणापेक्षा त्याचा संशयी स्वभाव जास्त उपयोगी पडला. जळलेल्या स्विचला तात्पुरता वळसा घालून दिवे लावले आणि त्यानं सहज दोन्ही रिले सॉकेटमधून उपटून हातात घेतले. दिवे चालूच! मी त्याच्याकडे बघतोय, तो हातातल्या रिलेकडे.

रिलेचं काम काय ते न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा सप्लाय येतो, ८७ मधून तो दिव्याकडे जातो, आणि ८५-८६ च्या मध्ये आतली कॉइल असते. स्विचनं कॉइलला जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर द्यायचे, की आतला पत्रा टक्‌ करून ओढला जातो आणि दिव्याचा सगळा करंट ३० ते ८७ असा परस्पर वाहतो. स्विच फक्त हुकूम सोडतो, ओझं रिले उचलतो. आमच्याकडे ८५ आणि ८६ च्या वायरी सॉकेटमधून निघून वीतभर पुढे गठ्ठ्यात शिरत होत्या आणि तिथेच टेपखाली संपत होत्या. जोडलेल्या कशालाच नव्हत्या. जुनी वायर स्विचपासून डीपरला (हाय बीम-डीप बदलायच्या बटणाला) आणि डीपरपासून थेट दिव्यांना, जशी होती तशीच ठेवलेली. रिले निव्वळ शोभेचे.

आता हिशेब करा. शंभर वॅटचे दोन हाय बीम म्हणजे २०० वॅट, बारा व्होल्टला साडेसोळा अँपिअरच्या पुढे. हे सगळं त्या ‘ल्यूकस’च्या पोटातून. त्यात कॉन्टॅक्टवर नुसता अर्धा व्होल्ट जरी अडकला तरी आठ वॅटची उष्णता काडेपेटीएवढ्या बंद डबीत कोंडते. वितळणारच.

स्विच उघडला. नॉब खरोखर जुना होता, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा. बाकी सगळं नवं आणि भिकार. डबीला आणि टर्मिनलना भाच्यानं फ्रिजवरचं चुंबक लावलं तर टचकन चिकटलं. पितळ चुंबकाला चिकटत नाही; म्हणजे लोखंडी पत्र्यावर पिवळा मुलामा. नाव ठोकलेली अक्षरंही वेडीवाकडी, एक तर बाकीच्यांपेक्षा लहान. चुंबकाची ही परीक्षा दुकानात उभ्याउभ्या करता येते आणि विकणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. मात्र चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल अस्सल, असंही नव्हे. नव्या नकली स्विचलाही पितळी टर्मिनल असू शकतात.

फ्यूज बॉक्स नवा होता हे खरं. झाकण काढलं तर हेडलाइटच्या काचेच्या फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! म्हणजे काम करताना कधीतरी तो फ्यूज उडाला असणार, आणि का उडाला हे शोधण्याऐवजी त्याला उडताच येणार नाही अशी सोय केली. खोटे रिले एकवेळ पैशांची चोरी म्हणून सोडून देता येतील. ही चांदी गाडी पेटवू शकते, आणि आमच्या गाडीची पेट्रोलची टाकी सीटखाली आहे.

आणि ‘पूर्ण तांब्याची’ वायर? नव्या वायरी फक्त बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत आणि रिलेच्या सॉकेटपर्यंत, म्हणजे जिथे नजर जाते तिथे. त्यातली एक तार ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली ही वायर सध्या सगळीकडे तांब्याच्या नावावर खपते. शुद्ध अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्के वीज वाहून नेतं, थर दिलेली वायर त्याहून किंचित बरी. म्हणून त्याच जाडीत ती जास्त तापते, लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या टोपीत) दाबली की कालांतरानं सैल पडते. वायरचं बंडल हातात घेतलं तरी हलकेपणा जाणवतो, कारण तांबं अॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड. खरवडताना एक लक्षात ठेवा: बाहेरून पांढरी आणि आतून लाल दिसली तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, ती उत्तम. बाहेरून लाल आणि आतून पांढरी, तीच लबाड.

फोटो काढून वायरिंगवाल्याकडे गेलो. आधी “जुन्या गाड्यांना असंच चालतं, काका.” मग “पोरानं केलं असेल, मी गावाला होतो.” त्याच्याच समोर रिले उपटून दिवे लावून दाखवले तेव्हा शेजारच्या गॅरेजमधली दोन माणसं येऊन उभी राहिली. त्याच्या हातची चिठ्ठी माझ्याकडे होती, त्यावर ‘रिले २ नग, कॉपर वायर, फिटिंगसहित’ असं लिहून सही केलेली. ग्राहक आयोगाचं नाव काढल्यावर ६,००० रुपये परत आले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारता येतं, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

दुसऱ्यांदा वायरिंग आम्ही समोर बसून करून घेतलं. स्विचसाठी आता जीपला चालणारा साधा ओढायचा स्विच नाना पेठेतून पक्क्या बिलावर आणला, काही शेकड्यांत मिळाला. त्यावर तोच पितळी नॉब बसवला. नॉबनं आमचं काही वाकडं केलं नव्हतं. बल्ब पुन्हा साठ-पंचावन्न. बॅटरीच्या धनाग्रापासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बॉक्स, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरला. डीपसाठी एक रिले, हाय बीमसाठी एक. रिलेच्या पुढे डाव्या-उजव्या दिव्याच्या प्रत्येक फिलामेंटला स्वतंत्र १० अँपिअरचा फ्यूज, म्हणजे एक उडाला तर दुसऱ्या बाजूचा दिवा तरी राहील. स्विचमधून पायाच्या डीपरला आणि तिथून रिलेच्या कॉइलला अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर पुरते. पार्किंगचे दिवे चार-पाच वॅटचे, ते स्विचवर थेट ठेवले. या रचनेत कुठलाही धड स्विच चालतो, दिसायला आवडेल तो निवडा. रिले नसतील तर साडेतीन हजारांचाही पुरत नाही.

बांधून घेतलेल्या गाड्यांत आणखी एक खोड असते, ती फसवणुकीत धरत नाही पण लबाड माणसाला लपायला जागा देते. आमच्या हेडलाइटच्या दांड्यांना पावडर कोटिंग होतं. त्या थरातून वीज जात नाही, म्हणून अर्थिंग नीट मिळत नाही, दिवा मंद होतो, आणि मग “बल्ब बदला, बॅटरी बदला” सुरू होतं. प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत स्वतंत्र काळी वायर टाकली, चासीवरचा रंग बोल्टपुरता घासून.

काम ताब्यात घेण्याआधी आम्ही मल्टिमीटर लावला. दिवे चालू ठेवून आधी बॅटरीवर, मग थेट बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजायचं. पहिल्या वायरिंगला जळलेल्या स्विचला वळसा दिल्यावरसुद्धा बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर १०.२ आलं होतं. ऐकायला दोन व्होल्टची कमी, पण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घसरतो. एवढ्या फरकात तो जवळपास निम्मा होतो. म्हणजे शंभर वॅटच्या बल्बमधून आम्ही साठ वॅटच्याही खालचा उजेड घेत होतो. नव्या कामात फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला. त्यानंतर दोन्ही रिले उपटले, दिवे गेले, परत लावले, दिवे आले, आणि मगच टेप गुंडाळायला सांगितली. कारागीर हसला, पण रागावला नाही.

स्विचवाल्याचं काहीच करता आलं नाही. बिल नाही, पैसे भलत्याच्याच नावावर. नंतरच्या एका रविवारी त्याच्याकडे गेलो, तर “मी असला माल ठेवतच नाही” म्हणाला. त्याच्यासमोरच्या कापडावर ल्यूकसचे आणखी तीन स्विच मांडलेले होते. तिन्हींवर ते एक अक्षर लहान होतं.