भाऊचा धक्का: शनिवारी जा, बर्फाची सोय करून जा

तीन-चार घरांत वाटून घेण्याइतके मासे घ्यायचे असतील तर माझगावच्या भाऊच्या धक्क्याला, म्हणजे मासेमारी बोटी माल उतरवतात त्या बंदराला, मुंबईत तोड नाही. एका जेवणापुरती मांदेली हवी असतील तर मात्र घराजवळची मंडईच बरी, कारण इथे यायचा वेळ आणि भाडं वसूल होत नाही.

वार शनिवार निवडा. बऱ्याच मराठी घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत, त्यामुळे गर्दी रविवारपेक्षा कमी आणि भावही थोडे नरम. साफ करून बर्फात ठेवलेला मासा रविवारच्या जेवणाला उत्तम लागतो.

पहाटे लिलाव चालतो, तो घाऊकवाल्यांचा. त्यात मध्ये उभं राहू नका. डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं थांबत नाहीत. लिलावात माल घेऊन कोळणी तिथेच बसतात, किरकोळ खरेदी त्यांच्याकडे. मावशींची भवानी (दिवसाची पहिली विक्री) व्हायची असेल तर उगाच भाव विचारून पुढे जाऊ नका. घ्यायचं ठरलं असेल तरच भाव करा आणि वाट्याऐवजी पाटीचा भाव विचारा, तिथेच खरी बचत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धक्क्यावर आलंय म्हणजे काल रात्रीचंच, हा समज चुकीचा आहे. मोठे ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात राहतात. पहिल्या दिवशी बर्फात टाकलेला मासा आणि शेवटच्या दिवशीचा मासा एकाच वेळी उतरतात. म्हणून एकाच पाटीत फरक सापडतो आणि प्रत्येक नग बघावा लागतो. कल्ले उघडा: लालभडक असतील तर ठीक, तपकिरी पडले असतील तर सोडा. डोळे फुगीर, स्वच्छ हवेत. पोट बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. पापलेट कल्ल्यापाशी दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर नको. सुरमई अख्खी घेऊन समोर तुकड्या करून घ्या. कापून ठेवलेल्या तुकडीवरून कल्ले कसे होते ते कळत नाही. कोळंबीचं डोकं काळं किंवा सैल नको. सोलल्यावर तिचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं, त्या हिशोबाने घ्या. कुर्ल्या जिवंत आणि आकाराच्या मानाने जड हव्यात. पोटाखालची झडप रुंद असेल तर ती मादी.

तळहातापेक्षा लहान पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि पिल्लंच उचलली जात राहिली तर ताटात येणार कुठून?

बोंबलांसाठी मात्र वर्सोवा किंवा मढकडे वळा. तिथल्या डोल जाळ्याच्या (प्रवाहात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) छोट्या होड्या लवकर परततात, आणि बोंबलासारखा पाणीदार मासा फार दिवस बर्फ सहन करत नाही.

कापणारे वेगळे बसतात, त्यांचे पैसे वेगळे. कालवणाला डोकं आणि गाबोळी (माशाची अंडी) हवी असेल तर आधीच सांगा. पोट साफ करून घ्या, पण मासे तिथे धुऊ नका. घरी नळाच्या पाण्याने धुवा.

बहुतेकांचा माल बिघडतो तो परतीच्या वाटेवर. उन्हाळ्यात किलोभर माशाला किलोभर चुरलेला बर्फ धरा. मासे पिशवीत घट्ट बांधून खोक्यात ठेवा आणि बर्फ वर-खाली भरा. वितळलेलं पाणी अधूनमधून काढून टाका, कारण त्या पाण्यात पडलेला मासा मऊ आणि बेचव होतो. खोक्यातून पाणी गळत असेल तर टॅक्सीवाले घेत नाहीत. लोकलने जायचं तर डॉकयार्ड रोडहून लगेजच्या डब्यात चढा. रविवारीच गेलात तर हार्बर मार्गाचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) आधी बघून घ्या. तो बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो.

जमीन कायम ओली आणि निसरडी असते, म्हणून पकड असलेल्या रबरी चपला घाला. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत इथे येण्यात अर्थ नाही. ऑगस्टमध्ये बोटी परतू लागल्या की या. तेव्हा कोळंबी भरपूर असते.