पेव मागणाऱ्या जिवाला आठ सेंटिमीटरचा ट्रे: हॅमस्टरच्या दोन मजली पिंजऱ्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या आठवड्यात धुळ्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुमचे चार स्टार बघून तोच पिंजरा मागवला, पण हॅमस्टर तर रात्रभर तारा चावतो. काय करू?" ते चार स्टार मी हॅमस्टरच्या या पिंजऱ्याला पहिल्या आठवड्यात दिले होते, पिंजरा जोडून झाल्याच्या आनंदात. ते मी मागे घेते आहे. माझ्या भरवशावर कुणी पैसे घालावेत आणि एका जिवाने तारा चावाव्यात हे मला सहन होत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सेट कोणता ते आधी सांगते: दोन मजली तारेचा पिंजरा, निळा ट्रे, चाक, घुमटासारखं घर, बाटली, धान्याच्या मिक्सची पिशवी, आणि अंथरायला पांढऱ्या मऊ धाग्यांचा पुंजका. मला २,८५० रुपयांना पडला. जोडायला सोपा, रंग अजून तसाच, दाराची कडी घट्ट. या गोष्टींबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ट्रेची. मी पट्टीने मोजला, आतून जेमतेम आठ सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे चार बोटं. त्यात भुसा काठोकाठ भरला तर आमची हॅमस्टर भुरी दोन उड्यांत अर्धा बाहेर टाकते, म्हणून प्रत्यक्षात भुसा तीनच बोटं राहतो.

भुरी आमच्याकडे आली तेव्हा पाच-सहा आठवड्यांची होती. जळगावच्या दुकानदाराने सांगितलं, "नर आहे ताई, काही त्रास नाही." पहिल्या रात्री तिने घुमटाच्या घरात पाऊल ठेवलं नाही. ट्रेच्या कोपऱ्यात तळ लागेपर्यंत उकरलं, प्लॅस्टिकवर नखं घासली, पुन्हा दुसरा कोपरा. लेक म्हणाली, "आई, ती काहीतरी शोधतेय." मी म्हटलं नवीन जागा आहे, होईल सवय. तिसऱ्या दिवशी तिने तो धाग्यांचा पुंजका आणि लेकीने टाकलेले पेपर नॅपकिनचे तुकडे गालात कोंबले आणि चाकामागच्या कोपऱ्यात वाटीसारखं घरटं केलं. वरून सगळं उघडं.

नवव्या दिवशी सकाळी त्या वाटीत गुलाबी काहीतरी हललं. सात पिल्लं होती.

या सोनेरी हॅमस्टरच्या जातीत गर्भ फक्त १६ दिवसांचा असतो, आणि चार ते सहा आठवड्यांतच ही वयात येतात. दुकानात नर-मादी एका काचेत ठेवले की हेच होणार. म्हणजे आमची भुरी स्वतःच पोर होती आणि तिच्या पोटाशी सात पोरं. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, पण दात मात्र जन्मतःच असतात त्यांना.

आणि इथे मी चूक केली. वरचं दार उघडून, मोबाइल आत घालून फोटो काढले. लेकीच्या मैत्रिणी आल्या, त्यांनीही वाकून पाहिलं. त्या रात्री भुरी एकेक पिल्लू गालात घेऊन वरच्या मजल्यावर गेली, तिथे तारेची जाळी, परत खाली, घुमटात, परत चाकामागे. तासभर हे चाललं. तिसऱ्या दिवशी मोजली तर पाच होती. हॅमस्टरची आई घाबरली, तिला घरटं सुरक्षित वाटेनासं झालं, की पिल्लं मारून खाते. हे मला नंतर कळलं, आणि लेकीला सांगताना माझा आवाज फुटला नाही.

आज जगभर घराघरांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत ते जवळपास सगळे एकाच घरट्यातून आलेत. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळच्या शेतात जमीन खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली. पेटीत ठेवल्यावर त्या आईनेही एक पिल्लू मारलं, मग तिला वेगळं करावं लागलं. म्हणजे या जातीचं घरटं उघडं पडलं की काय होतं, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी ट्रे चार बोटांचा.

आमच्या सासूबाई पारोळ्याकडच्या. त्यांच्या माहेरी अंगणात ज्वारीचं पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. त्या दोन दिवस बाजूला बसून बघत होत्या, मग म्हणाल्या, "तिले तिना घरमा राहू दे वं." आणि स्वतःचं जुनं लुगडं आणून पिंजऱ्यावर टाकलं, समोरची बाजू तेवढी श्वासाला उघडी ठेवून. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, साफसफाई नाही, फक्त पाणी आणि खाणं. त्यानंतर भुरीची धावपळ थांबली.

खाण्याचं बघा. सेटमधल्या मिक्समध्ये निम्म्या सूर्यफुलाच्या बिया आणि रंगीत तुकडे. ती बिया आधी उचलते, बाकी पडून राहतं. सूर्यफुलात तेल फार, रोज पोटभर दिलं तर ही जनावरं सुटतात. मी ती पिशवी बाजूला ठेवली आणि घरचीच बाजरी, ज्वारी, गहू, चिमूटभर जवस असं केलं, सूर्यफुलाच्या दोन-तीनच बिया. दूध पाजणाऱ्या आईला प्रथिनं लागतात, म्हणून रोज उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा. किलोभर मिक्सच्या पैशात घरचं धान्य कितीतरी महिने पुरतं, आणि आपल्या शेतातलं असल्याने त्यावर काय मारलंय ते आपल्याला माहीत असतं.

वाटी सकाळी रिकामी दिसायची, म्हणून आम्ही पुन्हा भरायचो. महिनाभराने घरट्याखाली हात घातला तर दोन मुठी धान्य निघालं. वाटी रिकामी म्हणजे भूक नाही, ती वाहून नेलेली असते. गालाच्या पिशव्या मागे खांद्यापर्यंत जातात, त्यात ती एका फेरीत वाटी उचलते. जर्मनमध्ये साठवून ठेवण्याला 'हॅमस्टर्न' म्हणतात, ते याच प्राण्याच्या नावावरून. मोठ्या हॅमस्टरला दिवसाला दहा-बारा ग्रॅम पुरतं, साधारण मोठा चमचाभर. सासूबाईंनी तो साठा पाहिला आणि म्हणाल्या, "कोठार भरी ठेवस ती." तेव्हा मला उमगलं की ती पहिल्या रात्री काय शोधत होती. तिला पेव हवं होतं, आणि आम्ही तिला ताट दिलं होतं.

त्या साठ्यामुळेच मला या नऊ महिन्यांतली सगळ्यात सुंदर गोष्ट पाहायला मिळाली. पिल्लं दहा दिवसांची, डोळे अजून मिटलेले, लव नुकती आलेली. त्यातलं एक घरट्याच्या कडेवर लुडबुडत आलं, नाकाने चाचपलं आणि आईने गालातून काढून ठेवलेला बाजरीचा दाणा दोन हातांत धरून कुरतडू लागलं. दिसत काही नव्हतं त्याला, तरी दाणा बरोबर धरला होता. पाच मिनिटं मी श्वास रोखून पाहिलं. पिल्लं दूध पितापिताच असं घन खाणं सुरू करतात, डोळे उघडण्याच्या आधी. डोळे पंधराव्या दिवशी उघडले. मी त्या दिवसापासून बाजरी थोडी भिजवून घरट्याजवळच ठेवू लागले आणि पाण्याची बाटली खाली केली, कारण वरची नळी त्यांना पोचत नव्हती.

आता धाग्यांचा पुंजका. मी कपाशीच्या गावची. घरात कापूस पाहतच मोठी झाले, म्हणून मला वाटलं होतं की मऊ आहे, ऊबदार आहे, याहून चांगलं काय. सतराव्या दिवशी एक पिल्लू ओढल्यासारखं चालताना दिसलं. मागच्या पायाला धाग्याचा पीळ बसला होता, पाय सुजून जांभळा. यांनी टॉर्च धरला, मी नखाच्या कात्रीने धागा कापला. पाय वाचला. हे धागे गिळले तर आतड्यात अडकतात, गालात गेले तर तिथे गुंततात. सेटमधली ही एकच वस्तू उघडल्या उघडल्या कचऱ्यात टाका. त्याऐवजी बिनवासाचा, बिनछपाईचा टिश्यू पेपर पट्ट्या करून द्या, ती स्वतः फाडून विणते. आणि आमच्याकडे तिला सगळ्यात आवडली ती ज्वारीची वाळलेली पानं, कडब्याची. पानं ती चावून मऊ करते, बाहेरून पानं आणि आतून कागद असं घरटं करते. पाहण्यासारखं असतं.

याच सुमारास पिल्लं तारांमधून बाहेर येऊ लागली. फट बोटाएवढी आहे. आम्ही खालच्या बाजूला पुठ्ठा बांधला. अठ्ठावीस दिवस भरायच्या आत नर-माद्या वेगळ्या केल्या आणि पाचही घरं शोधली, कारण हे प्राणी मोठेपणी एकेकटेच राहतात, दोघं एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. पेटी किती खोल आहे ते दाखवल्याशिवाय मी एकही पिल्लू दिलं नाही. चोपड्याहून आलेले एक काका परत गेले आणि चार दिवसांनी खोल पेटी घेऊन आले. त्यांना मी सगळ्यात धीट पिल्लू दिलं.

चाकाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये आस तुटला. चाक मुळातच लहान, भुरीची पाठ त्यात वाकायची. विक्रेत्याचं म्हणणं, कुरतडलेल्या वस्तूला वॉरंटी नाही. आस लोखंडी होता, त्यावर दाताची खूण नव्हती. तीनदा फोटो पाठवले, तीनदा वेगळ्या माणसाने पहिल्यापासून विचारलं. शेवटी १५० रुपये परत आले. त्याच वेळी मी विचारलं की खोल ट्रे वेगळा विकत मिळेल का, पैसे देते. उत्तर आलं, या मॉडेलला हाच ट्रे येतो. मला १५० रुपयांपेक्षा या उत्तराचा जास्त राग आला.

तारा चावणं नोव्हेंबरातच सुरू झालं. रात्री दोन ते चार. मी आधी भुरीचाच स्वभाव समजले, मग दात वाढतात म्हणून लाकूड दिलं, काही फरक नाही. मग वाचलं की स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली संशोधकांनी सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर भुशात ठेवून पाहिलं होतं. १० वाल्यांनी तारा सगळ्यात जास्त चावल्या. आणि मोकळ्या रानात, सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवरच्या शेतांत, यांची बिळं सरासरी ६५ सेंटिमीटर खोल असतात. आमच्या ट्रेच्या आठपट.

डिसेंबरात ओळखीच्यांनी मासे बंद केले होते, त्यांची काचेची पेटी मी ७०० रुपयांत आणली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वर जाळीचं झाकण. आत एक फूट भुसा, पण वखारीतला नाही. तो आणला होता, धुळीने भुरी शिंकायला लागली. पाकिटातला धूळ काढलेला भुसा, त्यात वाळलं गवत मिसळून दाबला, म्हणजे बोगदा ढासळत नाही. मध्ये कुंभाराकडचं छोटं मडकं आडवं पुरलं.

पहिल्या रात्री ती खाली गेली आणि दिसलीच नाही. सकाळी काचेला चिकटून एक बोगदा, तळाशी घरटं, आणि शेजारी वेगळ्या खोलीत धान्य. लघवीची जागा तिसरीकडे. तारा चावणं त्या दिवसापासून बंद, पेटीला तारा नाहीत म्हणून नव्हे. झाकणाची जाळी आहेच, तिला ती चढून पोचते, पण तोंड लावत नाही. जानेवारीच्या कडाक्यात तिने घरटं दुप्पट जाड केलं आणि तोंड कागदाने बुजवलं. आता मी वाटी वापरतच नाही, धान्य भुशावर विखरून टाकते, रात्रभर ती एकेक दाणा हुंगून खाली नेते. साफ करताना काकडी, पाला असं ओलं तेवढं काढते, कोरडा साठा आणि जुन्या घरट्याचा थोडा भाग तसाच ठेवते.

एप्रिलपासून मात्र मला माझं मत थोडं बदलावं लागलं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४३ च्या पुढे गेला की काच तापते, आणि तारेच्या पिंजऱ्यात हवा खेळते, तेवढा गुण पिंजऱ्याला द्यायलाच हवा. हॅमस्टरला तिशीच्या वरचं तापमानही जड जातं. आम्ही पेटी माजघरात खाली फरशीवर ठेवली, काचेला बाहेरून ओलं गोणपाट, दुपारी फ्रीजरमधली बाटली फडक्यात गुंडाळून जाळीवर. कूलरचा झोत थेट अंगावर नाही. भारनियमनाच्या वेळी बाटल्या बदलायच्या. भुरी दिवसभर तळाशी मडक्यात पसरून असते, तिथे हात लावला तर गार लागतं. खोलीमुळेच ते शक्य झालं, म्हणून ट्रेबद्दलचा राग काही कमी झाला नाही.

चारवरून दोन स्टार. दोनही दाराच्या कडीचे आणि हवेचे. ज्यांनी सेट घेतलाच आहे त्यांनी तो डॉक्टरकडे न्यायला-आणायला ठेवावा, आम्ही तेच करतो. ट्रेमध्ये सध्या सासूबाईंनी मेथी पेरली आहे.

नणंदेला धुळ्यात भंगारवाल्याकडे अडीच फुटी काच मिळाली आहे, एका कोपऱ्याला तडा आहे, पण पाणी ठेवायचं नसल्याने चालेल. तडा बाहेरून पट्टीने झाकून घ्यायला सांगितलं आहे. रविवारी आम्ही जातो आहोत, सोबत कडब्याच्या पानांची एक पिशवी.