सुक्राल्फेटचे पातळ औषध: उपयोग, मर्यादा आणि अभिप्राय

गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने आईच्या जठराच्या अस्तरावर उथळ जखमा झाल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत दिसले, तेव्हा डॉक्टरांनी त्या गोळ्या थांबवून आम्ल कमी करणारी गोळी आणि सोबत सुक्राल्फेटचे, म्हणजे जखमेवर लेप धरणारे, पातळ औषध लिहून दिले. औषध दाट, पांढरट आणि किंचित पेपरमिंटच्या चवीचे आहे. त्याचा साका तळाशी बसत असल्याने बाटली दर वेळी नीट हलवावी लागते. नाहीतर सुरुवातीला पाणचट द्रव पोटात जातो आणि शेवटी खडूसारखा लगदा उरतो.

जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी घेतल्यास हे औषध आम्लाच्या संपर्कात चिकट होते आणि जखमेतल्या प्रथिनांना धरून काही तास तिथेच राहते. आईची रात्रीची जळजळ लवकर कमी झाली, त्यामुळे माझे मत अनुकूल आहे. पण सारे श्रेय या लेपाला देणे बरोबर नाही. जठराची खरी राखण अस्तराच्या केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त करते. अस्तरावरच्या श्लेष्माच्या (चिकट स्रावाच्या) थरातून जे थोडे आम्ल आत झिरपते ते हे रक्त निष्प्रभ करून वाहून नेते आणि पेशींना प्राणवायू पुरवते. आम्ल तयार करणाऱ्या पेशी त्याच वेळी रक्तात आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट सोडतात व ते रक्त वरच्या पेशींकडे जाते, म्हणजे धोका वाढतो नेमके तेव्हाच संरक्षणही वाढते. शरीराची ही योजना मला थक्क करते. हा रक्तप्रवाह टिकवण्यात प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक औषधे त्याचीच निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. गंभीर भाजलेल्या किंवा रक्तदाब फार खालावलेल्या रुग्णांत तर आम्ल फारसे न वाढताही, केवळ रक्तपुरवठा घटल्याने अशा जखमा होऊ शकतात.

म्हणून वेदनाशामक गोळ्या चालू ठेवून वरून हे औषध पीत राहण्यावर भिस्त ठेवू नये. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ती स्वतःहून बंद करू नये.

आईला बद्धकोष्ठतेचा त्रास झाला. शिवाय या औषधामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, त्यामुळे दोन्हींच्या वेळांत काही तासांचे अंतर ठेवावे लागले. ही सूचना दुकानदाराने बाटली देतानाच सांगायला हवी होती. औषधात ॲल्युमिनियम असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.