बधिर चट्ट्यासाठी कोणती टेस्ट: पेन, स्मिअर, बायोप्सी, रक्त की पीसीआर?

मामाच्या दंडावर फिकट चट्टा आला आणि घरातला प्रत्येकजण वेगळी टेस्ट सुचवायला लागला, कुणी म्हणे रक्त तपासा, कुणी म्हणे पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट), आणि मामा बिचारा आठ महिने गजकर्णाचं मलम चोळत बसला होता (कुणी दिलं ते जाऊ दे). म्हणून लिहितोय, तुमच्या घरी कुष्ठरोगाची अशी शंका आली तर आधी कुठे जायचं ते ठरवायला.

शेवटी निदान झालं पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात), आणि तेही बॉलपेनने! तिथल्या कुष्ठरोगवाल्या कर्मचाऱ्याने डोळे मिटायला लावले, पेनचं टोक चांगल्या कातडीवर हलकेच टेकवलं आणि म्हणाले जिथे लागेल तिथे बोट ठेवा. मामाचं बोट बरोबर जायचं. मग टोक चट्ट्याच्या मधोमध टेकवलं, मामा गप्प, थोड्या वेळाने म्हणतो "अहो टेकवा की", तोवर तीनदा टेकवून झालं होतं. मग कोपरामागची नस चाचपली, कपडे काढून उजेडात बाकीचं अंग पाहिलं. चट्टे पाचपर्यंत आणि जास्तीत जास्त एकच नस असेल तर पीबी (कमी जंतूंचा प्रकार), सहा महिने गोळ्या, त्याहून जास्त असेल तर एमबी (जास्त जंतूंचा), बारा महिने. पैसे शून्य, रिपोर्टची वाट पाहणं नाही.

पण पेनचा एक मोठा घोळ आहे. ज्या पेशंटच्या अंगात जंतू सगळ्यात जास्त असतात त्याची कातडी सुरुवातीला बधिर नसतेच बऱ्याचदा, नुसती चकाकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, गाठी येतात. तिथे पेन टेकवून काही कळत नाही आणि नेमका तोच माणूस जास्त पसरवणारा. त्याला पकडतो स्मिअर. कानाची पाळी रक्त हटेपर्यंत चिमटीत दाबून धरतात, ब्लेडने साधारण पाच मिलीमीटरची चीर देतात, आतला रस खरवडून काचेवर पसरतात, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली जंतू मोजतात, शून्य ते सहा प्लस. उलट मामासारख्या एका चट्टेवाल्याचा स्मिअर बहुतेकदा निगेटिव्हच येतो, म्हणून "निगेटिव्ह आला, सुटलो" असं समजून घरी बसू नका.

आधी हा स्मिअर कुष्ठरोगाच्या कामातला रोजचा भाग होता. मग एमडीटी (अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत) आली, १९९० च्या दशकाच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की औषध सुरू करायला स्मिअरसाठी अडायची गरज नाही, कुष्ठरोगाचं वेगळं खातं सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं, डिसेंबर २००५ ला देशात प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली गेलं, आणि स्लाइड नीट बनवणारे हात कमी होत गेले. औषध लवकर सुरू झालं हे चांगलंच, पण स्मिअर बाजूला पडला ही चूक झाली असं माझं मत. आजार उलटलाय का, औषध लागू पडतंय का, हे बघायला तोच लागतो.

बायोप्सी कधी? पेन आणि डॉक्टरचे डोळे यांचं जमत नसेल तेव्हा, म्हणजे चेहऱ्यावरचा चट्टा (तिथे बधिरपणा कळायला कठीण) किंवा वेगळाच त्वचारोग वाटत असेल तर. मेडिकल कॉलेजला जायचं, छोटा तुकडा काढतात, रिपोर्टला दिवस लागतात. सरसकट सगळ्यांना नको.

रक्ताची अँटिबॉडी टेस्ट, पीजीएल-१ (जंतूच्या आवरणातला पदार्थ) वाली, ऐकायला सोपी, पण ती जास्त जंतूवाल्यांत पॉझिटिव्ह येते आणि पीबीत बऱ्याचदा हुकते, म्हणजे जिथे स्मिअर कमी पडतो तिथेच हीपण कमी पडते, मग खिशातले पैसे कशाला घालवायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्येही निदानासाठी ही किंवा पीसीआर जोडायची शिफारस नाही. ब्राझीलने सरकारी सेवेत अशीच अँटिबॉडीची रॅपिड टेस्ट आणली, पण ती पेशंटच्या संपर्कातल्या लोकांपैकी कुणावर जास्त लक्ष ठेवायचं ते ठरवायला.

पीसीआरचं आकर्षण समजतं, हा जंतू लॅबमधल्या माध्यमात वाढतच नाही, त्यामुळे कल्चर हा पर्यायच नाही. स्मिअरपेक्षा कमी जंतूही त्यात सापडतात आणि रिफाम्पिसिनला (या आजारावरचं मुख्य औषध) दाद न देणारा जंतू ओळखायला ते खरंच कामाचं. पण निरोगी संपर्कातल्या माणसाच्या नाकातही पॉझिटिव्ह येऊ शकतं, जंतू असणं आणि आजार असणं वेगळं.

तर आधी पीएचसी. अंगावर चकाकी, गाठी किंवा बरेच चट्टे असतील तर "कानाच्या पाळीचा स्मिअर करा" असं स्वतः तोंडाने मागा, तिथे होत नसेल तर कुठे होतो ते विचारून चिठ्ठी घ्या. आणि घरच्यांनाही सोबत न्या. आमच्याकडे मामीसकट सगळ्यांना तपासलं, आजार टाळायला रिफाम्पिसिनचा एकेक डोस दिला, फक्त धाकटा "मला काही झालं नाहीये" म्हणून शर्ट काढायला तयार नव्हता, त्याला परत न्यावं लागलं.