इक किल की दोस ओहोस? कॅनकुनला गेल्यावर कुठल्या सेनोटेत उतरायचं

अमेरिकेतले आपले बरेच लोक सुट्टीत कॅनकुनला जातात, अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही ना. मग व्हॉट्सॲपवर हमखास विचारणा येते, सेनोटे कुठलं करू? कॅनकुन ज्या द्वीपकल्पावर आहे त्या युकातानची जमीन चुनखडीची, पाऊस पडला की सरळ खाली मुरतो, त्यामुळे उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच, सगळं पाणी जमिनीखालच्या गुहांत. गुहेचं छत कोसळलं की झालं सेनोटे.

इक किल म्हणजे आपली गावाकडची विहीरच, फक्त राक्षसी. व्यास साधारण ६० मीटर, पाणी जमिनीपासून पंचवीसेक मीटर खाली, वरून वेली आणि मुळं पार पाण्यापर्यंत लोंबतायत, आणि उतरायला दगडात खोदलेला जिना. तो ओला असतो बरं का, आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना वरच्या कठड्यावरूनच बघू दे, तिथूनही मस्त दिसतं. लाइफ जॅकेट घालावंच लागतं, म्हणजे पोहता न येणाऱ्यालाही निवांत तरंगता येतं. माया लोकांचं पिरॅमिडवालं प्राचीन शहर चिचेन इत्झा अगदी जवळ, आणि तोच प्रॉब्लेम, कारण सगळ्या टूर बस पिरॅमिड उरकून दुपारी इथेच रिकाम्या होतात आणि पाण्यात नुसती डोकी दिसतात. आदल्या रात्री वायादोलिद शहरात राहा, सकाळी उघडताच इक किल, मग पिरॅमिड. ऊन लागेल, पण चालेल. (चिचेन इत्झाच्या आवारातलं पवित्र सेनोटे वेगळं हं. तिथे माया लोक सोनं, जेड आणि माणसंही अर्पण करायचे, तिथे पोहता येत नाही.)

दोस ओहोस किनाऱ्यावरच्या तुलुम गावाच्या उत्तरेला, नावाचा अर्थ दोन डोळे. हे पोहण्यापेक्षा बघण्याचं ठिकाण आहे. पाणी काचेसारखं, मास्क लावून तोंड खाली केलं की पाण्यात बुडालेले चुनखडीचे खांब दिसतात, हे खांब हिमयुगात गुहा कोरड्या होत्या तेव्हा थेंबाथेंबाने तयार झालेत. २०१८ मध्ये कळलं की ही गुहा साक आक्तुन नावाच्या दुसऱ्या पाण्याखालच्या गुहांच्या जाळ्याला आतून जोडलेली आहे, दोन्ही मिळून ३४७ किलोमीटर! इथे गाइडचे पैसे वसूल होतात, कारण वटवाघळांच्या गुहेत टॉर्च आणि माहितगार माणूस नसेल तर काही कळत नाही. डायव्हिंगचं ओपन वॉटर सर्टिफिकेट असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही, दोस ओहोस. पण अंधाराची किंवा बंद जागेची भीती वाटणारं कुणी बरोबर असेल तर नको, उगाच भांडणं होतात.

तिसरं सेनोटे सुयतुन, ते फक्त फोटोसाठी, छतातून येणारा उजेडाचा झोत आणि त्याखाली उभं राहायला लाइन. माझ्या लेखी स्किप.

पाणी सगळीकडे २४-२५ डिग्री, पहिल्या मिनिटाला हुडहुडी भरते. सनस्क्रीन लावून पाण्यात जाऊ देत नाहीत, आधी शॉवर घ्यायला लावतात, म्हणून लांब बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट घ्या. पेसोमध्ये कॅश ठेवा. आणि कॅनकुन-तुलुमचं घड्याळ चिचेन इत्झापेक्षा एक तास पुढे असतं, परतीची बस पकडताना हे विसरलात तर टॅक्सीवाल्याची चांदी.