गॅसच्या टाकीखाली कायमचा काटा: जुन्या वजनकाट्याचे सेल की नवी पट्टी?

टाकीत किती गॅस उरला आहे हे रोज दिसावे, म्हणून तिच्याखाली कायमचा काटा बसवू पाहणाऱ्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. माणसांचे वजन करण्याचा जुना इलेक्ट्रॉनिक काटा उघडून त्यातले चार सेल (बॅटरीचे नव्हे, भार मोजणारे लोड सेल) वापरता येतात, किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एकच लोड सेल आणून तो दोन फळ्यांमध्ये बसवता येतो. तत्त्व दोन्हींचे एकच आहे: भाराने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा (ताण टिपणाऱ्या पातळ तारजाळीचा) विद्युतरोध बदलतो आणि ब्रिजमधून, म्हणजे चार रोधांच्या जोडणीतून, मिळणारा काही मिलिव्होल्टचा फरक एचएक्स७११ ही २४ बिटांची चिप वाचते. दोन्ही प्रकार मी घरी वापरले आहेत, त्यामुळे पुढील मत अनुभवाचे आहे, प्रयोगशाळेचे नव्हे.

जुना काटा आहे तसा ठेवून भागत नाही, कारण तो थोड्या वेळाने बंद होतो आणि पुन्हा सुरू करताच टाकीसकट शून्य धरतो. त्याचे मूळ सर्किट बाजूला सारून चारही सेल चिपला जोडावे लागतात. प्रत्येक सेलला तीन तारा असतात, पण त्यांच्या रंगांवर विसंबू नये. मल्टिमीटर लावून ज्या दोन तारांमध्ये सर्वाधिक रोध दिसेल त्या टोकाच्या आणि उरलेली मधली, एवढे कळले की जोडणी सोपी होते. खर्च जवळजवळ नाही, काच आणि पाय तयार मिळतात, आणि टाकी पोहोचवणाऱ्याने ती जरा आदळून ठेवली तरी चार सेल मिळून दीडशे किलोंहून अधिक भार सहज पेलतात. ही बाजू खरोखरच जमेची आहे.

माझे मन बदलले ते एका तक्रारीमुळे: आकडा जागेवर राहत नाही. सकाळी एक वजन, दुपारी स्वयंपाकघर तापले की दुसरे, आणि कधी कधी तर शेगडी न पेटवताही टाकीतला गॅस चक्क वाढलेला दिसे. याचे कारण उघड आहे. हा काटा माणूस काही क्षण उभा राहून उतरेल या हिशेबाने बनवलेला असतो आणि दर वेळी नव्याने शून्य धरतो, त्यामुळे दीर्घकाळ भाराखाली स्थिर राहण्याची अपेक्षा त्याच्या सेलकडून कोणी केलेलीच नसते. भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. घरातला रोजचा वापर काहीशे ग्रॅमचा असेल, तर तेवढीच चूक काट्यातही असल्यावर तो आकडा पाहून करायचे काय?

पट्टीच्या सेलमध्ये चारही गेज एकाच धातूच्या ठोकळ्यावर असतात आणि तापमानाचा परिणाम बराचसा आपसांत कटतो. तिचाही आकडा सरकतो, पण माझ्याकडच्या पट्टीचा इतका कमी सरकतो की त्याकडे दुर्लक्ष करता येते. तिचा त्रास सुतारकामाचा आहे. दोन्ही फळ्या न वाकणाऱ्या हव्यात आणि पट्टीच्या टोकांशी वॉशर घालून मधला भाग मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर ती वाकतच नाही. भरलेली टाकी सुमारे तीस किलोंची होते, म्हणून ४० किलोंच्या पट्टीवर थांबण्यापेक्षा त्यावरच्या क्षमतेची घेतलेली बरी. (रबरी नळी ताणलेली असेल तर ती वजनाचा काही भाग उचलून धरते, हे मात्र दोन्हींकडे सारखेच. तसेच गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचतो, म्हणून चिप आणि अडॅप्टर लांब तार घेऊन ओट्याच्या वर ठेवावेत.)

महिन्यातून एखाद्या वेळी टाकी उचलून पाहणे ज्यांना पुरेसे आहे, त्यांनी जुना काटा उघडूही नये. रिकामा सुरू करावा, वर टाकी ठेवावी आणि गळ्याच्या कड्यावर लिहिलेले रिकाम्या टाकीचे वजन वजा करावे. कायमच्या काट्यासाठी मात्र मी पट्टीच सुचवेन. टाकी बदलताना फळी क्षणभर रिकामी असते; तेवढ्या वेळात शून्य पुन्हा लावून घेतले की पुढची टाकी संपेपर्यंत तिला हात लावावा लागत नाही.